अमेरिकी गोदीत इजा झाली? भरपाई मागताना या चुका टाळा

लाँग बीचच्या धक्क्यावर कंटेनर उतरवताना पाय चिरडला, कंपनीने दिलेला राज्याच्या कामगार भरपाईचा फॉर्म भरला आणि कामगार निवांत झाला. पहिली चूक इथेच होते. त्याच इजेला 1927 चा फेडरल (केंद्र सरकारचा) ‘लाँगशोर’, म्हणजे गोदी कामगारांच्या भरपाईचा, कायदाही लागू असतो. 1972 च्या दुरुस्तीने तो जहाजावरून धक्क्यावर उतरला. त्याने राज्याचा कायदा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये सन शिप खटल्यात स्पष्ट केलं. पण राज्याकडे टाकलेला दावा आपोआप फेडरल खात्याकडे पोचत नाही. तिथे कामगाराला 30 दिवसांत मालकाकडे लेखी सूचना (फॉर्म एलएस-201) आणि साधारणपणे वर्षभरात खात्याकडे दावा (एलएस-203) द्यावा लागतो. उशीर माफ होतोही, पण त्यासाठी भांडावं लागतं.

दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. कॅलिफोर्नियात, पेनसिल्व्हेनियात दोन्ही दारं उघडी असतात. टेक्सास आणि लुईझियाना मात्र फेडरल कायद्यात बसणाऱ्याला राज्याच्या भरपाईतून बहुतेक वगळतातच.

दोन दावे म्हणजे दुप्पट पैसे, हाही भ्रमच. राज्याने दिलेली रक्कम फेडरल भरपाईतून वजा होते. मग दुसरा दावा कशाला? फरकासाठी. फेडरल भरपाई पूर्ण अक्षमतेत सरासरी आठवडी पगाराच्या दोन तृतीयांश असते आणि तिची कमाल मर्यादा बऱ्याच राज्यांपेक्षा वरची आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. इजा जहाजमालकाच्या किंवा क्रेन बनवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झाली असेल, तर त्यांच्यावर वेगळा खटला भरता येतो. त्यात तडजोड करताना रक्कम लाँगशोरच्या भरपाईपेक्षा कमी असेल, तर सही करण्याआधी आपला मालक आणि त्याची विमा कंपनी या दोघांची लेखी संमती (एलएस-33) हवीच. नसेल तर पुढची भरपाई जाते, औषधपाण्याचा खर्चही जातो. 1992 च्या एका खटल्यात तर तडजोडीचे पैसे मालकाच्याच विमा कंपनीने भरले होते. तिला सगळं ठाऊक होतं. तरीही कागदावर संमती नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या विरोधात निकाल दिला. निकाल निष्ठुर वाटतो, पण कायद्याचे शब्दच तसे आहेत. तोंडी होकारावर विसंबू नका.

आपल्याकडून बोटीवर गेलेल्यांसाठी एक खुलासा: जहाजाचा कॅप्टन आणि खलाशी या कायद्यात येत नाहीत, त्यांची वाट निराळी.

आणि फेडरल दाव्यासाठी वकिलाला परस्पर रोख फी देऊ नका. ती आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि मालकाने दावा नाकारून तो हरला तर सहसा त्यालाच भरावी लागते.