वायरचा जोड: टेप गुंडाळण्याआधी

जोड जळाला की लोक टेपला दोष देतात. बहुतेक वेळा दोष टेपखालच्या सैल तांब्याचा असतो. सैल जोडाचा रोध जेमतेम 0.1 ओहम धरा. 2000 वॅटचा गीझर त्यातून साधारण 8.7 अँपिअर ओढतो आणि वाटाण्याएवढ्या जागेत साडेसात वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते. करंट वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबीला (करंट फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) यातलं काहीच कळत नाही. प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग कडक होऊन तडकतं.

म्हणून आधी बघायचं ते एवढंच, की जोड टाळता येतो का. मिक्सरची वायर प्लगजवळ तुटली असेल तर तेवढा तुकडा कापा आणि प्लग पुन्हा बसवा. वायर वीतभर आखूड झाली तरी बिघडत नाही. उंदराने मधेच कुरतडली असेल तर अख्खी वायर बदला. गीझर, एसी, इस्त्री, हीटर यांच्या वायरला मधे जोड नकोच. बाथरूममध्ये नको, पाइपातून ओढलेल्या वायरला नको, गिलाव्याखाली तर मुळीच नको. तो पुढे कोणाला सापडतही नाही. दिवा-पंख्याच्या 1 किंवा 1.5 चौरस मिमीच्या वायरीला जोड द्यावाच लागला, तर तो झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये द्या.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण स्विच फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) चुकून न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरीवर) लावलेला असू शकतो; मग बटण बंद असूनही वायर जिवंत राहते. मेन पाडा आणि घरात सगळ्यांना सांगा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करायचा; मेन पाडल्यावरही दिवे-पंख्यांच्या वायरीत त्याचा करंट खेळत असतो, आणि नेमकं हेच विसरलं जातं. टेस्टर मेन पाडण्याआधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहा, नाहीतर बिघडलेला टेस्टर ‘करंट नाही’ म्हणून फसवतो. मल्टिमीटर असल्यास फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही ठिकाणी शून्य दिसलं पाहिजे.

रंगांचा एक घोळ लक्षात ठेवा. आपल्याकडच्या घरगुती वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. उपकरणासोबत येणाऱ्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. म्हणजे निळ्याला निळी जोडली की गडबड.

बॉक्समध्ये जागा असेल तर हाताने पिळण्यापेक्षा कनेक्टर केव्हाही चांगला. लिव्हरवाल्या कनेक्टरवर किती सोलायचं ते छापलेलं असतं. तितकंच सोला, तांबं बाहेर दिसता कामा नये. स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत तारा घालण्याआधी टोकाला पिन लग (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी पिन) दाबून बसवा. तिथे टोकाला सोल्डर मात्र लावू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो.

हातानेच जोडायचं असेल तर दोन्ही टोकं 4 सेंमी सोला, स्ट्रिपरने. ब्लेडने किंवा दाताने सोलताना आतल्या दोन-तीन तारा तुटतातच; तसं झालं तर टोक कापून पुन्हा सोला. कोकणातल्या दमट हवेत तांबं काळं-हिरवं पडतं, ते चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. आता श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसणारी नळी) वायरवर सरकवून ठेवा. हे जोड झाल्यावर आठवतं, तेव्हा सगळं परत उसवावं लागतं. दोन्ही टोकं मध्यावर फुलीसारखी ठेवा आणि प्रत्येक टोक दुसऱ्या वायरीभोवती पाच-सहा घट्ट वेढे देऊन पिळा. पकडीने वेढे आवळा, टोचणारी टोकं चेपून टाका आणि जोड ओढून पाहा. जराही सरकला तर तो जोड नव्हेच. दोन कोअरची (आत दोन वेगळ्या वायरी असलेली) वायर असेल तर दोन्ही जोड समोरासमोर आणू नका, 4 ते 5 सेंमी मागेपुढे ठेवा.

स्लीव्ह 2:1 ची (आकसून निम्म्या व्यासाची होणारी), साधारण 6 मिमी व्यासाची आणि दोन्ही बाजूंच्या इन्शुलेशनवर किमान 1 सेंमी चढेल एवढी लांब घ्या. हॉट एअर गनने मधून कडेकडे आकसवा. मेणबत्तीने ती एका बाजूला जळते आणि दुसरीकडे ढिली राहते.

टेप वापरायची तर पीव्हीसीची इलेक्ट्रिकल टेपच. सेलोटेप, बँडेज, दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक हे प्रकार अजूनही दिसतात, म्हणून सांगायचं. जोडाच्या 2 सेंमी अलीकडून सुरू करा, टेप थोडी ताणून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर घ्या, पलीकडे 2 सेंमी जाऊन तशीच परत या. शेवटचा वेढा न ताणता चिकटवा, नाहीतर उन्हाळ्यात टोक उलगडतं. ही टेप पाणी अडवत नाही. गणपतीच्या रोषणाईच्या वायरी अंगणात पावसात पडणार असतील तर आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह लावा आणि जोड जमिनीपासून वर टांगा.

जुन्या इमारतींत अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिला तांब्याची वायर थेट पिळू नका: दमटपणात ॲल्युमिनियम झिजतं, आणि गरम-थंड होताना दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावत असल्याने जोड सैल पडतो. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनला द्या.

मेन चालू करून तो दिवा किंवा पंखा अर्धा तास चालवा. मग मेन आणि इन्व्हर्टर पुन्हा बंद करून लगेच जोडाला हात लावा. बाकीच्या वायरीपेक्षा तो गरम लागला, तर टेप वाढवू नका. कापा आणि पुन्हा सोलायला घ्या.