डॅक बिघडला म्हणण्याआधी

खिशात मावणारा डॅक-अँप, म्हणजे फोन-लॅपटॉपमधलं डिजिटल गाणं हेडफोनला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलून त्याला ताकद देणारी डबी, मधेच गप्प झाला की पहिला संशय त्याच्यावरच येतो. बटणं दाबून बघतो, जरा हलवून बघतो, आणि दहा मिनिटांत खोका कुठे ठेवला, वॉरंटीचं काय, इथवर गाडी जाते. मी दोनदा असा घायकुतीला आलो होतो, आणि दोन्ही वेळा त्या डबीचा काहीच दोष नव्हता. गाणं ॲपमधून निघतं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाताखालून जातं, मग केबल, मग डबी, मग पिन, मग हेडफोनची वायर. एवढ्या वरातीत डबी मधे कुठेतरी असते. म्हणून तपासायला बसण्याआधी थोडी जमवाजमव करावी, म्हणजे मधेच उठून ड्रॉवर उपसावे लागत नाहीत.

सगळ्यात आधी दुसरी केबल काढून ठेवा. ती डेटा नेते याची खात्री हवी, कारण फक्त चार्जिंगच्या केबली दिसायला हुबेहूब तशाच असतात आणि त्यांच्या आत डेटाच्या तारा नसतातच. खात्री सोपी आहे: त्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोडा, फोटोंचं फोल्डर उघडलं तर केबल चांगली. तिला लगेच चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका, पुढच्या वेळी पुन्हा शोधाशोध नको. दुसरा, एखादा साधा वायरवाला हेडफोन हवा, ३.५ मिमी पिनचा, दुसरीकडे व्यवस्थित वाजतो हे माहीत असलेला. महागडा नकोच, डबीतून चुकून मोठा आवाज सुटला तर तो साध्या हेडफोनवर सुटलेला बरा. तिसरं, दुसरं यंत्र. एरवी फोनला लावत असाल तर लॅपटॉप, लॅपटॉपला लावत असाल तर फोन. चौथं, तोंडपाठ असलेलं एक गाणं, फाइल म्हणून साठवलेलं, साध्या सीडीच्या दर्जाचं, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ. तपासणीच्या वेळी स्ट्रीमिंग नको, नाहीतर नेट अडखळतं आणि शिव्या डॅकला बसतात. शिवाय टॉर्च, लाकडी दातकोरणी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कागद-पेन्सिल.

कागद का? पहिल्या ओळीत लिहा: शेवटचं नीट वाजलं त्यानंतर काय बदललं? फोनचं अपडेट आलं का, नवीन कव्हर घातलं का, केबल बदलली का, नवं ॲप टाकलं का. मग प्रत्येक प्रयोग एका ओळीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की सगळं मुसळ केरात. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदलून आवाज आला, तर नेमकं काय खराब होतं ते कळत नाही, आणि आठवड्याने तेच दुखणं परत येतं.

डबीला स्वतःची बॅटरी असेल तर चार्जिंगपासून सुरुवात. पार उतरलेली लिथियम बॅटरी लगेच प्रतिसाद देत नाही, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर तासभर लावून विसरून जा. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या केबलने चार्ज होत नसेल, तर एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा. सी-टाइप पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर असावे लागतात, त्यावरून समोरच्या चार्जरला ‘इथे वीज द्यायची आहे’ हे कळतं. काही वस्तूंमध्ये बनवणाऱ्याने तिथेच काटकसर केलेली असते, आणि मग सी-टू-सी केबलवर डबी मेल्यासारखी वाटते. दोन पोर्ट असतील तर चार्जिंगचा कुठला आणि डेटाचा कुठला हे एकदा अक्षरं वाचून बघाच. हे वाचून हसू आलं असेल, पण त्या दोनपैकी एक प्रसंग माझ्याकडून असाच घडला होता. आणि डबीचं अंग फुगलेलं दिसलं, झाकण उचललं गेलेलं दिसलं, तर तपासणी तिथेच संपली. चार्ज करायची नाही, दाबायची नाही, उघडायची नाही.

आता शांतता. दिवा लागतो पण आवाज नाही, तर प्रश्न असा की समोरच्या यंत्राने डबी ओळखली का? लॅपटॉपवर आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुटच्या यादीत तिचं नाव दिसायला हवं, आणि तीच निवडलेली हवी. नाव दिसतंय पण निवड अजून लॅपटॉपच्या स्पीकरवरच आहे, असं फार वेळा होतं. विंडोजला यूएसबी ऑडिओचा दुसरा वर्ग, म्हणजे यूएसबीवरून आवाज नेण्याच्या ठरलेल्या पद्धतीची दुसरी आवृत्ती, २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून स्वतःहून कळतो. त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय बरेच डॅक बोलत नाहीत. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडलं की डबी आणि तिचा चालू सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ते ४४.१ किलोहर्ट्झसारखे आकडे) दोन्ही दिसतात.

अँड्रॉइड फोनची तऱ्हा निराळी. काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला दुसरी यूएसबी वस्तू जोडून चालवायची सोय, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि थोडा वेळ काही जोडलेलं नसलं की ती आपोआप बंद होते. डेव्हलपर ऑप्शन्स कधी उघडले असतील तर तिथे यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारा एक खटका आहे, तो चुकून चालू राहिला तर डॅकपर्यंत आवाज पोचत नाही. जुन्या मायक्रो यूएसबीच्या ओटीजी केबलला डोकं आणि शेपूट असतं, उलटी लावली तर फोन मालक होत नाही, आणि बॅटरीवाली डबी त्याच्याकडून नुसतं चार्जिंग उकळत बसते. कव्हरचं तर विचारू नका. जाड कव्हरमुळे पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहते, फोन चार्ज होताना काही जाणवत नाही, डॅक मात्र लागतो-सुटतो. कव्हर काढूनच तपासा. आणि डबीवर इनपुट बदलायचं बटण असेल तर ती ब्लूटूथ किंवा ऑप्टिकलवर जाऊन बसलेली नाही ना, तेही बघा.

इथवर येऊनही शांतताच असेल, तर दुसरी केबल, मग दुसरं यंत्र, मग दुसरा हेडफोन, या क्रमाने. प्रत्येक बदलाआधी आवाज शून्यावर आणायचा. डबीला लाइन-आउट (दुसऱ्या अँपला सिग्नल द्यायचा जॅक) असेल तर जास्त जपा, कारण तिथे बऱ्याचदा नॉब काम करत नाही आणि पूर्ण ताकदीचा सिग्नल सरळ बाहेर पडतो. तो हेडफोनसाठी नाहीच.

आवाज येतो पण सोबत आणखी काही येतं, तेव्हा आधी डोळे मिटून त्या ‘आणखी काही’चं वर्णन कागदावर लिहा. निम्मं निदान तिथेच होतं. खालच्या पट्टीतली सतत घूं-घूं, म्हणजे विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्‌झची सावली. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. घूं थांबली तर डॅक निर्दोष, दोष चार्जर आणि अर्थिंगच्या वळशाचा, म्हणजे अर्थिंगच्या तारांमधून फिरणाऱ्या नको त्या विजेचा. ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय. थांबून थांबून येणारी टर्र-टर्र मोबाइलच्या रेडिओची. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देतो आणि शेजारच्या ॲनालॉग तारा ते उचलतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून खात्री करा, मग फोन आणि डबी रबराने एकत्र बांधायची हौस सोडा. पाऊस पडल्यासारखी बारीक फुसफुस, गाणं थांबवलं तरी चालू, ही अतिसंवेदनशील इयरफोनवर ऐकू येते. गेन, म्हणजे अँप सिग्नल किती पट वाढवतो ते, हाय वर असेल तर लो वर आणा. तरीही राहिली तर तो बिघाड नाही, ती जोडी जमलेली नाही एवढंच.

टिकटिक, मधे मधे गाळलेली क्षणं, फटकन उडालेला सूर, हे बहुधा डिजिटल बाजूचं. यूएसबी हब मधे असेल तर काढा आणि डबी थेट लावा. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, हबवर तेच चारजण वाटून घेतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवणारी सोय बंद करा. ड्रायव्हरच्या खिडकीत बफर (आवाजाचा आगाऊ साठा) वाढवता येत असेल तर एक पायरी वाढवा, आवाजाचा दर्जा त्याने कमी होत नाही, फक्त प्ले दाबल्यावर किंचित उशीर होतो. आणि डीएसडी (सीडीपेक्षा निराळ्या पद्धतीने साठवलेल्या डिजिटल आवाजाची) फाइल लावल्यावरच भयानक खरखर येते, बाकी सगळं ठीक, असं असेल तर प्लेअरमधला सॉफ्टवेअर आवाज किंवा इक्वलायझर मधे लुडबुडतोय. पीसीएमच्या, म्हणजे नेहमीच्या डिजिटल आवाजाच्या, वेष्टनात गुंडाळलेला डीएसडी त्याने चिरडला जातो.

एकच कान वाजणं, हा माझा आवडता प्रकार. हेडफोनची पिन काढा, अर्धी फिरवून परत घाला. मग दुसरा हेडफोन. दोन्ही हेडफोनना तोच कान मुका असेल तर दोष जॅकमध्ये. टॉर्च मारा. मी मारला तेव्हा तळाशी काहीतरी करड्या रंगाचं दिसलं. ते जॅकचाच भाग असावं असं वाटून मी आधी सोडून दिलं होतं. डबी बंद करून दातकोरणीने कडेने हलकेच उचकटलं तर खिशातल्या धाग्यांचा, धुळीचा दाबून दाबून झालेला नमद्याचा बिल्ला बाहेर आला, मसुरीच्या डाळीएवढा. पिन रोज त्याच्यावर आदळत होती आणि शेवटची कडी कधी पोचतच नव्हती. सुई किंवा सेफ्टीपिन मात्र घालू नका, आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या वाकतात. इयरफोन असेल तर त्याच्या जाळीवरचा मेणचटही याच टॉर्चमध्ये तपासा.

नॉब अगदी खाली असताना डावं-उजवं कमी-जास्त, वर नेलं की समान, हा दोष फिरत्या नॉबच्या जातीचाच आहे. लो गेनवर जा आणि प्लेअरचा आवाज थोडा उतरवा, म्हणजे नॉब मधल्या टप्प्यात वापरता येतो. उलट, सगळं करूनही आवाज मरतुकडा असेल, तर प्लेअरचा आवाज पूर्ण आहे का आणि हेडफोन किती ओहमचा, म्हणजे विजेला किती विरोध करणारा, आहे ते बघा. ३०० ओहमचा स्टुडिओतला हेडफोन फोनच्याच विजेवर जगणाऱ्या चिमुकल्या डोंगलला (बॅटरी नसलेल्या डॅकला) झेपतोच असं नाही.

४.४ किंवा २.५ मिमीचा बॅलन्स्ड जॅक (डाव्या-उजव्या कानाच्या ऋण तारा वेगळ्या ठेवणारा) असेल तर एक गोष्ट अडॅप्टर विकत घेण्याआधी पक्की करा. बॅलन्स्ड पिनचा हेडफोन साध्या ३.५ च्या जॅकला अडॅप्टरने लावणं चालतं. साध्या पिनचा हेडफोन अडॅप्टर लावून बॅलन्स्ड जॅकमध्ये घालणं चालत नाही. त्यात दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकमेकींना भिडतात आणि अँप जळू शकतो.

फर्मवेअर, म्हणजे डबीच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलणं सगळ्यात शेवटी. बॅटरी भरलेली, हब नाही, तपासलेली केबल, लॅपटॉपची झोप बंद, आणि फाइल नेमक्या त्याच मॉडेलची. मधे वायर सुटली तर डबी खरोखरच मरू शकते, म्हणून आवाजात काही फरक पडेल या नुसत्या आशेने ते करू नये.

एवढं करून दुरुस्तीला पाठवायची वेळ आलीच, तर तो कागद सोबत द्या, आणि ज्या केबलवर बिघाड दिसतो तीच केबलही. नॉब शून्यावर, मेमरी कार्ड काढलेलं, सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये. आणि पाकीट चिकटवण्याआधी दुसऱ्या यंत्रावर एकदा शेवटचं लावून बघा.