खांद्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा सायकलवर बसताना

‘दुखायचं थांबलं की काढ सायकल’ हा सल्ला मला भेटेल त्याने दिला. कृपा करून तो ऐकू नका. सूज उतरली की दुखणं कमी होतं, पण हाडाला टाके घालून बसवलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तेव्हा धड धरलेलीही नसते. रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायू-कंडरांचा गट, शिवला असेल तर साधारण 4 ते 6 आठवडे हात झोळीत असतो, ताकदीचे व्यायाम 12 आठवड्यांच्या आसपास सुरू होतात आणि रस्त्यावरची सायकल बहुतेकांना 4 ते 6 महिन्यांनी मिळते. ऑपरेशन वेगळं असेल तर हिशोबही वेगळा. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

तोवर पाय बसवून ठेवू नका. डॉक्टरांनी होकार दिला की घरात स्थिर सायकलवर ताठ बसून, हात झोळीतच ठेवून पेडल मारा. झोळीत हात असताना रस्त्यावर जायचं नाही, एका हाताने कितीही छान चालवता येत असली तरी.

सायकल स्वतःच्या सोयीची करून घ्या: हँडल वर आणि जवळ, टायर शक्य तितके रुंद, हवा थोडी कमी. सीट अगदी आडवी, सपाट हवी. टोक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो.

आता ब्रेक. इथेच मी फसलो होतो. ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, तासभर आरामात बसता येतंय म्हणून नवव्या आठवड्यात बाहेर पडलो. समोर कुत्रं आलं, मी दोन्ही ब्रेक दाबले. पडलो नाही, कुठे आपटलोही नाही, तरी खांद्यात अशी कळ गेली की पुढचे तीन आठवडे व्यायाम पुन्हा पहिल्या पायरीवर. ट्रेनरवरची सायकल जागची हलत नाही, त्यामुळे खांद्याची खरी परीक्षा तिथे होतच नाही. ब्रेक दाबायला बोटं पुरतात, पण सायकल थांबली तरी धड पुढेच जात असतं आणि ते अडवायचं काम हातांचं. झटका कोपरातून थेट खांद्यात. पुढच्या ब्रेकने तो सर्वात जोरात बसतो, कारण थांबवायची बहुतेक ताकद त्याच चाकात असते.

म्हणून बाहेर पडण्याआधी फिजिओसमोर तीन गोष्टी करून दाखवा. भिंतीला तळहात लावून, कोपरं वाकवून दहा वेळा अंग पुढे-मागे. तेच कमरेएवढ्या भक्कम टेबलावर. मग जमिनीवर हात-गुडघे टेकून चांगला हात उचलायचा आणि ऑपरेशनच्या हातावर दहा सेकंद भार घ्यायचा. करताना दुखलं नाही एवढ्यावर खूश होऊ नका. त्या रात्री खांदा ठणकला नाही आणि सकाळी हात आदल्या दिवशीइतकाच वर गेला, तरच पास. मी रात्रीची ठणक ‘व्यायामाची असेल’ म्हणून सोडून दिली होती.

पास झालात की मोकळं, सपाट, कोरडं मैदान गाठा. चालण्याहून थोडा अधिक वेग. ब्रेक लावण्याआधी बूड सीटवर मागे सरकवा, पोट घट्ट करा, कोपरं वाकलेली ठेवा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू आवळा. कोपरं ताठ धरणं ही सगळ्यात महाग सवय. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. असे वीस-तीस थांबे घ्या आणि घरी जा. दोन दिवसांनी पुन्हा, थोड्या जास्त वेगाने. अचानक थांबतानाही कोपरं आपोआप वाकायला लागेपर्यंत रस्ता नाही. मला यात तीन आठवडे गेले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटत नाही.

याच मैदानात मागे वळून पाहणं आणि हात दाखवणंही तपासून घ्या. ऑपरेशनचा हात वर काढताना हँडल डगमगत असेल तर वाहतुकीत जायची वेळ आलेली नाही.

रस्त्यावर पहिल्यांदा अर्धा तास, एकटे, उजेडात, ओळखीच्या वाटेने. खड्डे आणि गतिरोधक दिसले की वेग आधीच कमी करा. घोळक्यातली फेरी, ओला रस्ता आणि उभं राहून चढ मारणं नंतर. आणि सायकल जिन्यावरून उचलून न्यायची असेल तर ती दुसऱ्या हाताने, नाहीतर दुसऱ्या माणसाने.