स्पीकरची वायर घेण्यापूर्वी: एका दिवाणखान्याची तयारी

दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी सुतळीचा एक गुंडा, मोजपट्टी आणि खडू घेऊन दिवाणखान्यात उभे राहावे, कारण वायर किती जाड हवी हे ठरवण्याआधी ती किती लांब जाणार आहे हे कळले पाहिजे, आणि हे अंतर नजरेने जवळजवळ नेहमीच कमी वाटते. अ‍ॅम्प्लिफायर ज्या जागी राहणार तिथे सुतळीचे एक टोक धरावे आणि वायर ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने, म्हणजे टीव्हीच्या युनिटमागून खाली, स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या चौकटीवर चढून पलीकडे उतरून, ती स्पीकरच्या नेमक्या जागेपर्यंत न्यावी. पाच मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद अशा आमच्या दिवाणखान्यात मागच्या उजव्या कोपऱ्यातला स्पीकर सरळ रेषेत सहा मीटरवरही नव्हता, पण मधल्या दोन दारांमुळे सुतळी तेरा मीटर भरली. प्रत्येक स्पीकरचे माप वेगळे लिहावे आणि त्यात दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जादा धरावा. टोक पुन्हा सोलायची वेळ येते, युनिट साफसफाईसाठी पुढे ओढावे लागते, आणि आखूड पडलेल्या वायरला मध्ये जोड देणे हा उपाय भिंतीच्या आत तरी कधीही करू नये.

दुसरी नोंद स्पीकरच्या पाठीवरून करावी. तिथल्या पट्टीवर ४, ६ किंवा ८ ओम (विद्युतरोधाचे एकक) असा आकडा छापलेला असतो. वायरीची निवड या आकड्यावर आणि सुतळीने मोजलेल्या लांबीवर अवलंबून असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरच्या मोठमोठ्या वॅटच्या आकड्यांचा घरगुती वापरात तिच्याशी फारसा संबंध येत नाही. जुना आणि भरवशाचा नियम असा आहे की जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारांचा मिळून विद्युतरोध स्पीकरच्या ओमच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे ८ ओमच्या स्पीकरसाठी ०.४ ओम आणि ४ ओमच्या स्पीकरसाठी ०.२ ओम ही मर्यादा होते. तांब्याच्या लवचीक वायरीसाठी हे गणित फार सोयीच्या आकड्यांत बसते: वायरीचा काटछेद (तांब्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) चौरस मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दहापट मीटरपर्यंत ती ८ ओमच्या स्पीकरला चालते, ६ ओमला साडेसातपट आणि ४ ओमला पाचपट. त्यामुळे दीड चौरस मिलिमीटरची वायर ८ ओमच्या स्पीकरला १५ मीटर पुरते, पण ६ ओमच्या स्पीकरला ११ मीटरच्या थोडे पुढे आणि ४ ओमच्या स्पीकरला केवळ साडेसात मीटर. आमचे मागचे स्पीकर ६ ओमचे आणि वाट तेरा मीटरची होती, म्हणून तिथे दीडची वायर अपुरी पडली आणि अडीचची घ्यावी लागली.

या पाच टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो न समजल्यामुळे एका टोकाला लोक अगदी बारीक वायर वापरतात आणि दुसऱ्या टोकाला बोटभर जाडीच्या वायरीवर स्पीकरपेक्षा जास्त पैसे घालवतात. आवाजाची पातळी या मर्यादेत जेमतेम ०.४ डेसिबलने उतरते आणि ती उणीव आवाजाचे बटण किंचित फिरवले की भरून निघते. पण स्पीकरवर छापलेले ८ ओम हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात तोच स्पीकर स्वराच्या एखाद्या पट्टीला (फ्रीक्वेन्सीला) ३ ओमपर्यंत खाली येतो आणि दुसऱ्या पट्टीला २० ओमपर्यंत वर जातो. वायरीचा रोध ०.४ ओम असेल तर पहिल्या ठिकाणी आवाज सुमारे १.१ डेसिबलने कमी होतो आणि दुसऱ्या ठिकाणी ०.२ डेसिबलने सुद्धा होत नाही. म्हणजे सगळा आवाज सारखा कमी न होता त्याचा तोल बदलतो, आणि हा बदल कोणत्याही बटणाने नेमका दुरुस्त करता येत नाही. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरची वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, पडद्यावरची पकड वायरीच्या रोधाने सैल होते. तबल्याच्या बायाचा किंवा पखवाजाचा ठोका जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही असे वाटण्यामागे अनेकदा खोलीचा घुमारा असतो, पण बारीक आणि लांब वायर हेही एक कारण असू शकते. ते दूर करणे खोली दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, म्हणून ते आधी करावे.

डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या असाव्यात असा आग्रह मात्र धरू नये. अडीचच्या वायरीत एका बाजूला तीन मीटर आणि दुसऱ्या बाजूला आठ मीटर असा फरक असला तरी ८ ओमच्या स्पीकरच्या आवाजात ०.१ डेसिबलचाही फरक पडत नाही. उरलेली पाच मीटर वायर युनिटमागे गुंडाळून ठेवण्यात काही लाभ नाही.

आता दुकानातली भाषा. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात, काउंटरवर ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ असेच शब्द ऐकू येतात आणि त्यांचा अर्थ व्यास नसून चौरस मिलिमीटरमधला काटछेद असा असतो. अडीच एमएमच्या वायरीतले तांबे प्रत्यक्षात सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे मोजपट्टी लावून फसवणूक झाली असा समज करून घेऊ नये. जुने दुकानदार ‘तेवीस-शहात्तर’, ‘चाळीस-शहात्तर’ असेही म्हणतात. यात पहिला आकडा बारीक तारांची संख्या सांगतो आणि दुसरा प्रत्येक तारेची जाडी, म्हणजे ०.००७६ इंच. चाळीस-शहात्तरची वायर साधारण एक चौरस मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते. परदेशी बनावटीच्या वायरीवर गेजचा आकडा असतो आणि तो उलटा चालतो: १६ गेज म्हणजे १.३, १४ गेज म्हणजे २.१ आणि १२ गेज म्हणजे ३.३ चौरस मिलिमीटर. यादीत मात्र चौरस मिलिमीटरच लिहावेत, म्हणजे गोंधळ होत नाही.

यानंतरची तपासणी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक वेळा राहून जाते. तांबे म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकर वायरींपैकी कित्येक आतून अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांवर तांब्याचा केवळ पातळ थर असतो. रंगाने, चकाकीने, पारदर्शक आवरणातून दिसणाऱ्या रूपाने त्या तांब्याच्याच वाटतात. अशा वायरीचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, म्हणून वरचे सगळे गणित तिथे कोलमडते. पण रोधापेक्षाही मोठा दोष टोकांना दिसतो. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरते, जोड ढिला होतो, उघड्या धातूवर न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो आणि दोन-चार वेळा वाकवलेली तार तुटते. मी पहिल्यांदा घेतलेली वायर अशीच निघाली. एका स्पीकरमधून अधूनमधून खरखर येत होती, मी कित्येक आठवडे अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घेत होतो, आणि शेवटी स्क्रू उघडला तेव्हा निम्म्या तारा तुटून आत पडलेल्या होत्या.

म्हणून दुकानात वायरीचे टोक बोटभर सोलून मागावे आणि एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, घेऊ नये. वरून पांढरी आणि आतून तांबूस निघाली तर ती कल्हई केलेली तांब्याची वायर आहे, ती उत्तम, आणि समुद्राजवळच्या घरात तर साध्या तांब्यापेक्षा सरस. दुसरी कसोटी वजनाची. अडीच एमएमच्या दोन तारी वायरीत दहा मीटरमागे केवळ तांबेच चारशे ते साडेचारशे ग्रॅम असते, म्हणून आवरणासह ती अर्ध्या किलोच्या वर भरली पाहिजे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरली तर परत करावी, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीचे वजन तेवढेच येते.

‘ऑक्सिजनविरहित तांबे’ अशा लेबलसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. विजेच्या तारांसाठी वापरले जाणारे साधे तांबेही वहनक्षमतेत त्याच्या अगदी बरोबरीला असते. चांदीचा मुलामा, बाणाने दाखवलेली प्रवाहाची दिशा आणि एकाच स्पीकरला दोन जोड्या वायरी जोडणे, हे सारे यादीतून सरळ वगळावे.

उलट, घराच्या वायरिंगसाठी मिळणारी लवचीक तांब्याची वायर, जिच्यावर आयएस ६९४ हा मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण छापलेली असते, ती स्पीकरला पूर्णपणे चालते आणि मला ती अनेक सजावटी वायरींपेक्षा जास्त विश्वासाची वाटते, कारण मानकात रोधाची कमाल मर्यादा ठरलेली असते. अडीच एमएमसाठी ती एका किलोमीटरला ८ ओमच्या आत येते. ती सुट्या एकेरी तारांत मिळते, म्हणून दोन तारा दूरदूर न नेता एकमेकींभोवती पिळून न्याव्यात. रंग निवडताना मात्र एक दक्षता घ्यावी. आपल्याकडे घरातल्या विजेला लाल, पिवळा आणि निळा रंग फेजसाठी, काळा न्यूट्रलसाठी आणि हिरवा अर्थिंगसाठी असतो. भिंतीत लाल-काळी जोडी स्पीकरसाठी घातली तर दहा वर्षांनी येणारा वायरमन ती विजेची समजेल आणि एखाद्या दिवशी तिला २३० व्होल्ट जोडून मोकळा होईल. म्हणून पांढरी आणि राखाडी जोडी घ्यावी, आणि टोकांपुरती लाल-काळी नळी चढवावी.

भिंतीतून वायर जाणार असेल तर प्लास्टर आणि पीओपी होण्याआधी तिच्यासाठी वेगळा पाइप घालून घ्यावा. विजेच्या वायरींच्या पाइपमधून स्पीकरची वायर ओढणे सोयीचे वाटले तरी ते करू नये, कारण तिथे एखाद्या वायरीचे आवरण खरवडले गेले तर घरातली वीज थेट अ‍ॅम्प्लिफायरवर आणि त्याला हात लावणाऱ्या माणसावर येईल. समांतर जावे लागले तर फूटभर अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. पाइप बुजवण्याआधी त्याच्या वाटेचे मोजपट्टीसह फोटो काढून ठेवावेत. पुढे पडद्याची दांडी ठोकताना ते उपयोगी पडतात. भिंतीच्या आत मी दीडचे गणित बसत असले तरी अडीचचीच वायर घालावी असे सुचवीन. किमतीतला फरक थोडा असतो, आज ८ ओमचा असलेला स्पीकर उद्या ४ ओमचा येऊ शकतो, आणि भिंत पुन्हा फोडायला कोणी तयार होत नाही.

पारदर्शक आवरणाची वायर शक्यतो टाळावी. किनाऱ्यालगतच्या आमच्या जुन्या घरात ती चार पावसाळ्यांत आतून हिरवी पडली. आवाजात फरक जाणवला नाही, पण प्रत्येक टोक तेजस्वी तांबे दिसेपर्यंत पुन्हा सोलावे लागले.

खरेदीच्या आकड्यात कोणत्या वाटा धरू नयेत हेही लिहून ठेवावे. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या सबवूफरला, म्हणजे केवळ खर्जासाठीच्या वेगळ्या खोक्याला, स्पीकरची वायर लागत नाही. त्याला आरसीए केबल (आवाजाचा संदेश नेणारी गोल पिनेची केबल) आणि जवळ विजेचा सॉकेट लागतो. मंदिराच्या सभामंडपात शंभर मीटरवरच्या स्पीकरला बारीक वायर पुरते हे पाहून घरातही तसेच चालेल असे मानू नये, कारण तिथे बहुधा ट्रान्सफॉर्मर लावलेली १०० व्होल्टची पद्धत असते आणि तारेतून प्रवाह कमी जातो. आमच्या पाच स्पीकरची बेरीज तीन, दीड, तीन, नऊ आणि तेरा मीटर, अधिक टोकांचे पाच मीटर, अशी साडेचौतीस झाली आणि आम्ही चाळीस मीटर घेतली.

सोबत बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवून टर्मिनलमध्ये, म्हणजे वायर जोडण्याच्या जागेत, खुपसायच्या पिना) घ्यावेत, पण आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचे टर्मिनल पाहून. स्प्रिंगच्या क्लिपमध्ये ते बसत नाहीत आणि अडीचची वायरही कधीकधी जात नाही. तिथे शेवटच्या इंचापुरती योग्य मापाची पिन दाबून बसवावी. टोकावर कथलाचा डाग देऊन (सोल्डर करून) ते स्क्रूखाली आवळू नये, कारण कथील दाबाने सरकते आणि जोड ढिला होतो. सोललेला भाग दहा-बारा मिलिमीटरच ठेवावा आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागत नाही हे विजेरीच्या उजेडात पाहावे, कारण त्या एका तारेने अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

जोडणीपूर्वी, अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढलेला असताना, मल्टिमीटरने तीन मापे घ्यावीत. दोन्ही टोके मोकळी असताना तारांमध्ये काहीच वाहू नये. दूरचे टोक जुळवल्यावर, मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करून, अपेक्षित ओमचा आकडा यावा. तेरा मीटर अडीचसाठी तो ०.२ च्या आसपास येतो. शेवटी स्पीकर जोडून अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने मोजावे: ८ ओमचा स्पीकर येथे साडेपाच ते सात ओम दाखवतो आणि त्यात काही बिघाड नसतो. मग दीड व्होल्टचा सेल त्याच टोकांना क्षणभर टेकवावा. अधिक टोक लाल तारेला असताना वूफरचा पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर वाटेत कुठेतरी तारांची अदलाबदल झाली आहे. जाळीमुळे पडदा दिसत नसेल तर दोन्ही पुढच्या स्पीकरवर एकाच माणसाचे बोलणे लावावे, मध्यभागी बसावे, आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एका स्पीकरच्या तारा उलटून पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत आवाज नेमका मधून आणि खर्जात भरीव येतो ती कायम करून टोकांना चिठ्ठ्या चिकटवाव्यात आणि मगच युनिट भिंतीला लावावे.