घाट उतरताना ब्रेक लागेनासे झाले तर : कारण ओळखणे आणि योग्य पॅड निवडणे

गोव्याहून बेळगावला जाताना गाडी घाट चढते ती बहुधा सकाळी, आणि उतरते ती संध्याकाळी, माणसांनी व खरेदीच्या सामानाने भरलेली. चोर्ल्याहून केरीकडे किंवा अनमोडहून मोलेच्या दिशेने येणाऱ्या उतारावर एका वळणाचा ब्रेक थंड होण्याआधीच दुसरे वळण येते. माणसे व सामान धरून १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत २५ अंशांचे १८ ते १९ लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाने व हवेच्या रोधाने त्यातला वाटा उचलला नाही, तर ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये, आणि त्यातही बहुतांश पुढच्या दोन चाकांत जाते.

या उष्णतेने ब्रेकची पकड कमी होणे म्हणजे ब्रेक फेड. त्याचे मुख्य प्रकार दोन आहेत, आणि पायाला ते वेगळे जाणवतात. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, जोर लावूनही गाडी मात्र हवी तशी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे, तापलेले असतात. पॅडचे घटक बांधून ठेवणारे रेझिन अति उष्णतेने विघटित होऊन वायू सोडते आणि घर्षण घटते. याउलट पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे असे समजावे. द्रव दाबला जात नाही, पण त्यात झालेली वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. हा फरक नीट लक्षात घेतल्याशिवाय पॅडवर पैसे खर्च करू नयेत, कारण उकळलेल्या ऑइलवर महागडे पॅड हा इलाज नव्हे.

प्रत्यक्ष उतारावर असे घडल्यास इंजिन बंद करू नये. ते बंद होताच पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदत लवकरच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. एकेक गियर खाली आणावा, न्यूट्रलमध्ये मुळीच टाकू नये, हॅझर्ड दिवे लावावेत. पेडल मऊ असेल तर ते भराभर दाबून सोडल्यास थोडा दाब परत मिळू शकतो. घट्ट असेल तर असे केल्याने बूस्टरमधली निर्वात साठवणच संपते, म्हणून ते जोराने दाबून धरावे. लीव्हरचा हँडब्रेक असल्यास बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके अडकून गाडी फिरू शकते. गाडी थांबल्यावर ती गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि निदान अर्धा तास ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकडी होण्याची वा तडकण्याची भीती असते. पुढे निघण्यापूर्वी अगदी कमी वेगात ब्रेक तपासावा, आणि पेडल अजूनही मऊ असेल तर गाडी हलवू नये.

मात्र ही वेळ येऊच नये असे उतरणे प्रत्येकाला जमते. ज्या गियरमध्ये तो चढ चढावा लागला असता, त्याच किंवा त्याहून खालच्या गियरमध्ये उतरावे. ऑटोमॅटिक गाडीत एल (खालचा गियर) किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी ठामपणे लावून वेग कमी करावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात हवा लागून डिस्क थंड होते. गियर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा रोध फार कमी मिळतो. त्यामुळे तिच्यावर दोघे बसून घाट उतरताना वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवावा आणि मध्ये थांबावे.

आता ऑइलविषयी, कारण गोव्यात बहुतेक दुर्लक्ष इथेच होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्याकडे समुद्राची हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे ओलाव्याला तोटा नाही. ‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची प्रतवारी आहे. मानकांनुसार डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश सेल्सिअस, तर पाणी शोषल्यावर १४० अंश असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५, आणि डॉट ५.१ साठी २६० व १८० असे आहेत. म्हणजे जुने झालेले डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा कितीतरी आधी उकळते. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून ब्रेकमधील हवा काढून घ्यावी. टाकीत वरून भर घालणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे द्रव आहे. नावातल्या सारखेपणामुळे ते ५.१ च्या जागी कधीही वापरू नये.

खाऱ्या हवेचा दुसरा परिणाम कॅलिपरच्या पिनांवर होतो. या पिना गंजून अडकल्या की पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो आणि घाट येण्याआधीच ब्रेक तापतो. सपाट रस्त्यावर थोडे चालवून थांबल्यावर चाकाला न शिवता जवळ हात धरावा. पुढच्या दोन चाकांपैकी एक स्पष्टपणे अधिक गरम लागत असेल, तर पिना साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्यावे. त्याच वेळी पॅड काढून पाहावा. घर्षणाचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल, कडा भुरभुरत असतील किंवा जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर तो बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजावी.

एवढे करूनही पेडल घट्ट असताना पकड जात असेल, तरच परफॉर्मन्स पॅडचा, म्हणजे अधिक उष्णता सोसणाऱ्या पॅडचा, विचार योग्य ठरतो. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत व थंड असतानाही चांगली पकड देणारे असतात, पण उष्णता कमी सोसतात. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात. मात्र आवाज व काळी भुकटी अधिक, डिस्कची झीज अधिक, आणि धातूमुळे कॅलिपरकडे व ऑइलकडे उष्णताही अधिक जाते. म्हणूनच असे पॅड बसवताना ऑइल ताजे हवे. सिरॅमिक पॅड शांत व स्वच्छ असून रोजच्या वापराला उत्तम आहेत.

अनेक पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण तापमानातले घर्षण सांगते, दुसरे अधिक तापल्यावरचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही अक्षरे दर्जाची हमी नाहीत. पण दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो असे मानून घाटासाठी टाळावा. नेहमीच्या गाडीला मी एफएफ पुरेसे मानतो. शर्यतीचे पॅड मात्र रस्त्यावर मुळीच नकोत. ते नीट तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी घरातून निघताच वळणावर गाय आडवी आली, तर त्या पहिल्या थंड ब्रेकलाच गाडी थांबली पाहिजे.

पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकत्र बदलावेत. नवे पॅड रुळेपर्यंत घाटात जाऊ नये, कारण त्यांतील रेझिन पहिल्यांदा तापताना अधिक वायू सोडते. कंपनीची सूचना असेल तर ती पाळावी. नसल्यास रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर ब्रेक न लावता जावे आणि शेवटी काही किलोमीटर तसेच चालवून ब्रेक थंड करावेत. या दरम्यान गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नये. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना पेडल थरथरू लागते.