आगोटीआधी नेटवर्कवर पहारा बसवताना

नेटवर्कवर नजर ठेवणारं, म्हणजे मॉनिटरिंगचं, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण बिघाड झाला की त्याने ओरडायचं, म्हणजे अलर्ट पाठवायचा, कुठल्या वाटेने ते आधी ठरवा. ही ओळ पुढेही पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. मुख्य कार्यालयाची इंटरनेट लाइन पडली की त्याच लाइनवरून जाणारा ईमेल, व्हॉट्सअॅप, टेलिग्राम काहीच बाहेर पडत नाही. पडदा लाल होतो, पण रात्री पडद्यासमोर असतं कोण? सकाळी शाखाधिकाऱ्याचा फोन येतो तेव्हा कळतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या यादीत बाकी सगळं होतं, फक्त हे नव्हतं.

रत्नागिरीला मुख्य कार्यालय आणि दापोली-गुहागरपासून राजापूरपर्यंत शाखा, अशा पतसंस्थेचं नेटवर्क ज्याच्या गळ्यात आहे त्याच्यासाठी हे लिहितोय. मृग लागायच्या आत उरकायचं.

उपकरणांची यादी कशी करायची ते सांगत बसत नाही. हमखास राहतात त्या दोन गोष्टी: यूपीएस, आणि कोणीतरी कधीतरी माळ्यावर टाकलेला जास्तीचा स्विच. प्रत्येक नावापुढे ते उपकरण कुठल्या मजल्यावर आहे तेही लिहा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काही वाचलं नाही. रॅक वर हलवता येत नसेल तर निदान तो पाण्याच्या वाटेत आहे एवढं यादीत दिसू दे.

सॉफ्टवेअर निवडताना कंपनी पैसे कशाचे मोजते ते बघा. चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन ऑपमॅनेजर उपकरणं मोजतं. न्यूरेंबर्गच्या पेस्लर कंपनीचं पीआरटीजी सेन्सर, म्हणजे नजर ठेवायची एकेक गोष्ट, मोजतं. म्हणजे २४ पोर्टच्या स्विचचा प्रत्येक पोर्ट बघायचा म्हटलं तर २४ सेन्सर तिथेच गेले आणि फुकटातले १०० सेन्सर चार स्विचमध्ये जवळजवळ संपले. सगळे पोर्ट बघायची हौस कशाला? अपलिंकचे (स्विचला पुढच्या उपकरणाशी जोडणारे) आणि सर्व्हरचे पोर्ट बघा, पुष्कळ झालं. लॅटव्हियातल्या रीगाच्या कंपनीचं झॅबिक्स मुक्त स्रोत आहे. परवान्याला पैसा पडत नाही, पण तुमच्याकडे लिनक्स येणारा माणूस हवा, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला तर दुसराही हवा. माझं मत विचाराल तर एवढ्या शाखांना तिन्हींपैकी कुठलंही चालेल. विक्रेता रंगीत आलेख दाखवायला लागला की त्याला थांबवा आणि म्हणा, लाइनची केबल उपटतो, आता अलर्ट माझ्या फोनवर आणून दाखवा.

एसएनएमपी, म्हणजे उपकरणांना त्यांची हालहवाल विचारायची पद्धत. तिचा पासवर्डसारखा शब्द, कम्युनिटी स्ट्रिंग, ‘पब्लिक’ ठेवली असेल तर आजच बदला. दुसऱ्या आवृत्तीत ती उघड्या अक्षरांत तारेवरून जाते, म्हणून जिथे उपकरण झेपवतं तिथे तिसरी आवृत्ती लावा. सर्व्हरने उपकरणाला विचारायच्या चौकशीसाठी यूडीपी पोर्ट १६१ आणि उपकरणाने आपणहून पाठवायच्या निरोपासाठी, म्हणजे ट्रॅपसाठी, १६२, दोन्ही फायरवॉलमध्ये फक्त मॉनिटरिंग सर्व्हरपुरते उघडा. ट्रॅप यूडीपीवरून येतो, वाटेत हरवला तर परत येत नाही. म्हणून नुसत्या ट्रॅपवर विसंबू नका, ठरावीक वेळाने चौकशी हवीच. आणि पोर्टवरून किती डेटा गेला त्याची मोजणी ६४ बिटांच्या काउंटरने करा. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर ३२ बिटांचा काउंटर ३४ सेकंदांत शून्यावर येतो, शंभर मेगाबिटवर सहा मिनिटांच्या आत. तुम्ही पाच मिनिटांनी विचारणार, मधे तो किती वेळा फिरला कोणाला माहीत? आलेख छान दिसतो आणि खोटा असतो.

मॉनिटरिंग सर्व्हरकडे सगळ्या घराच्या किल्ल्या असतात, म्हणून त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. अमेरिकेतल्या सोलरविंड्सच्या ओरायन सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. डिसेंबर २०२० मध्ये ते उघड झालं, तोवर सुमारे १८,००० ग्राहकांनी तो अपडेट घेतला होता. तेव्हा या सर्व्हरला इंटरनेटवर मोकाट सोडायचं नाही. लागतील तेवढेच पत्ते उघडायचे.

आता पुन्हा वाटेचं. दोन कंपन्यांच्या दोन लाइन आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही केबल मुंबई-गोवा महामार्गाच्या एकाच कडेने आल्या असतील तर जेसीबी दोन्ही एकदमच उचकटतो. केबल कुठल्या रस्त्याने येते ते कंपनीच्या ऑफिसात विचारू नका, लाइनमनला विचारा. तोच खरं सांगतो. बल्क एसएमएसचा गेटवे घेतलात तरी त्याच्यापर्यंत पोचायला इंटरनेटच लागतं. शिवाय त्याला डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, त्यात दिवस जातात. म्हणून सर्व्हरला सिमकार्डाचा मॉडेम थेट जोडा. टूजीवर चालणारा मॉडेम असेल तर जिओचं सिम चालणार नाही, त्यांच्याकडे टूजी नाहीच. ज्या कंपनीची रेंज रॅकपाशी येते तिचं सिम घ्या, खिडकीपाशी येते तिचं नको. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. वैधता संपलेलं सिम म्हणजे मॉडेम नसल्यासारखंच.

एवढ्यावरही भागत नाही. मोबाइलच्या टॉवरलाही पाठीमागून पुष्कळदा फायबरच येते, कदाचित तीच, आणि वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी काही तासच टिकते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत वीजही नव्हती आणि मोबाइलही मुके होते. म्हणून तिसरा पहारेकरी कोकणाबाहेर ठेवा. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला छोटा भाड्याचा सर्व्हर पुरतो. तुमचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी त्याला ‘मी आहे’ असं कळवेल. लागोपाठ तीनदा कळवलं नाही की बाहेरचा सर्व्हर फोन लावेल. स्थिर आयपीही लागत नाही, कारण निरोप आतून बाहेर जातो. फुटक्या होडीने खलाशी पाठवून होडी फुटल्याचं कळवता येत नाही; किनाऱ्यावरच्या माणसानेच ती परतली नाही हे ओळखायला हवं. बाहेरच्याने फोन लावायचा तो दोघांना, आणि त्यातला एक तरी घाटावर राहणारा असावा.

कोणावर कोण अवलंबून आहे तेही सॉफ्टवेअरला सांगा. लांज्याचा राउटर पडला तर त्याच्यामागचे स्विच, कॅमेरे, प्रिंटर वेगळे ओरडायला नकोत. नाहीतर एका तुटीचे पन्नास मेसेज येतात आणि तिसऱ्या रात्री माणूस फोन उलटा ठेवून झोपतो. वीज डोळा मारते तेव्हाही तेच, एक पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) चुकला म्हणून अलर्ट नको, तीन चुकू द्या.

खाडीवरून जाणारी वायरलेस लिंक असेल तर तिची अलर्टची मर्यादा सिग्नलच्या एका दुपारच्या आकड्यावरून ठरवू नका. पाण्यावरून परावर्तित होणारा सिग्नल भरती-ओहोटीबरोबर हलतो. एक अमावास्येचं किंवा पौर्णिमेचं उधाण जाऊ द्या, त्यातला सगळ्यात वाईट आकडा धरा आणि त्याच्या थोडं खाली मर्यादा लावा.

अर्थिंग मे महिन्यातच तपासा. जांभा तेव्हा कोरडाठक असतो, त्यामुळे खरा आकडा तेव्हाच कळतो. पहिल्या विजाही त्याच सुमाराला पडतात. बाहेरचे कनेक्टर उघडून बघा, खाऱ्या हवेने हिरवे झाले असतील तर बदला. यूपीएसची बॅटरी भार देऊन तपासा, दिवा हिरवा आहे म्हणून सोडू नका. मॉनिटरिंग सर्व्हर, मॉडेम आणि त्यांच्यामधला स्विच तिन्ही यूपीएसवर आहेत का? स्विच राहतो. बघाच.

मग चाचणी. सॉफ्टवेअरमधलं ‘टेस्ट’ बटण दाबून समाधान मानू नका. लाइन चालू असताना ते चालणारच, त्यात काय मोठंसं? केबल उपटा. दोन्ही लाइनच्या. एसएमएस आला? आता मॉडेमही काढा आणि मुंबईहून फोन येतो का ते घड्याळ लावून बघा. वीस मिनिटांत आला नाही तर काम झालेलं नाही. हे शाखा बंद झाल्यावर करा, पिग्मी एजंट भरणा करत असताना नको.

बाकी पटापट. राउटर-स्विचच्या कॉन्फिगची (सेटिंगची) प्रत बाहेर ठेवा. सगळ्या उपकरणांची वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची सोय) जुळवा, नाहीतर लॉग वाचताना डोकं फिरेल. पासवर्ड एकट्याच्या डोक्यात नको. रात्री फोन कोणी उचलायचा त्याची पाळी लावा, गणपतीत तर नक्कीच, सगळे गावी असतात. महावितरणच्या उपकेंद्राचे, लाइनमनचे, शाखांच्या शिपायांचे नंबर कागदावर छापून रॅकच्या दाराला लावा.