फायबर रिळावर घेताना ओढ हलकी ठेवा
सोलापुरात मागासाठी कांड्या भरणारा हात सूत चांगलं ताणून घट्ट भरतो. ऑप्टिकल फायबरला, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्याला, ती सवय चालत नाही. कोटिंगसकट फायबर जेमतेम 250 मायक्रॉनचा, आतली काच 125 मायक्रॉनची. वेढे घट्ट पडले, एकमेकांवर चढले की काचेला बारीक बाक येतात आणि प्रकाश गळतो. वरून मात्र काहीच दिसत नाही! ओटीडीआरवर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून घट मोजणाऱ्या यंत्रावर, 1310 आणि 1550 नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींना तपासा. 1550 लाच प्रकाशाची घट जास्त दिसली, तर बहुधा गुंडाळणीच घट्ट आहे.

आधी रिळाच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तिथे खरखर आहे; घासून गुळगुळीत करा, नाहीतर कोटिंग सोललं जाईल. रिळाचा मधला गाभा निदान 15 सेंटीमीटर व्यासाचा घ्या, वेढे शेजारी-शेजारी बसवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली रीळ ठेवू नका: प्लास्टिक फुगतं, काच जवळपास फुगत नाही, आणि ताण आपोआप वाढतो. फायबर काढताना रीळ फिरवूनच सोडा. कडेवरून ओढला तर पीळ पडतो.